आखाजीआधी एक खोली

१२ जानेवारी २०२५

आज नंदुरबारच्या बस स्थानकासमोर हातात ‘ओटा’चे अंक घेऊन उभा राहिलो. उभाच राहिलो. तोंडातून शब्द निघाला नाही. एकही अंक गेला नाही.

‘ओटा’ हा आमच्या बेघर निवाऱ्यातून निघणारा चार पानांचा पेपर. पंधरा दिवसांनी निघतो. बाजारभाव, बसच्या बदललेल्या वेळा, सरकारी योजनांच्या तारखा आणि निवाऱ्यातल्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी. कामिनीताई नावाची मुलगी तो काढते. विकणाऱ्याला निम्मे सुटतात. ताई म्हणते, ज्याला घर नाही त्याला निदान ओटा असावा. मला नाव पटलेलं नाही. ओट्यावर बसलेला माणूस आत बोलावण्याची वाट पाहत असतो.

गळ्यात घालायला ओळखपत्र दिलं आहे. त्यावर माझा फोटो आणि ‘चुनीलाल पाटील’ असं ठसठशीत. मी ते उलटं करून घातलं. आमच्या गावची बस लागली तेव्हा चहाच्या टपरीमागे गेलो. गाव तापीकाठी, तिथे पुतण्या धीरज असतो. तो समजतो मी तळोद्याला लेकीकडे आहे. लेक हेमांगी समजते मी धीरजकडे आहे. दोघंही निश्चिंत आहेत. हे असंच राहिलं पाहिजे.

१३ जानेवारी

ही वही ताईने दिली. म्हणाली, नाना, लिहीत जा, पेपरात घेऊ. पेपरासाठी मी वेगळं लिहीन. ही दाखवणार नाही. शाळा सहावीत सुटली, पण अक्षर बरं होतं. घरी आम्ही गुजरी बोलतो, बाजारात अहिराणी, पण हात पाटीवर शिकवलेलंच लिहितो.

उभं आयुष्य कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुकादमी केली. आवारातच खोली होती. हेमा तिथेच वाढली, बायको मंगला तिथेच वारली. जिनिंग बंद पडलं, जागा विकली गेली, खोली पाडली. मालकाने वाईट वागवलं असं म्हणता येणार नाही. खोली त्याची होती. मीच ती इतकी वर्षं माझी समजत होतो.

मग धीरजकडे गेलो. दोन खोल्या आणि माणसं सहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने विचारलं, “नाना, किती दिवस आहात?” मी म्हणालो, “उद्या हेमाकडे निघतो.” तो म्हणाला, “एवढ्यात?” पण विचारायचं ते त्याचं विचारून झालं होतं.

लेकीकडे जाऊन राहणं आमच्या घरात नाही. माझे वडील लेकीच्या गावच्या विहिरीचं पाणीसुद्धा घेत नसत. तहान तशीच घेऊन परत यायचे. मी नंदुरबारला बसमधून उतरून तळोद्याऐवजी रेल्वे स्टेशनवर गेलो. तिथून निवाऱ्यात.

१५ जानेवारी

भिकुबाई माझ्याच वयाची. तीही निवाऱ्यातलीच, बस स्थानकाच्या दुसऱ्या फाटकावर विकते. आज माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“नाना, पेपर इकी ऱ्हायना का मयतले उभा शे?”

मी म्हणालो, मला ओरडता येत नाही.

“जिनिंगमा मजूरस्वर वरडे ना? तठे कसा वरडे?”

“तिथे मी मुकादम होतो.”

“मंग आठे बी मुकादमच शे. लोकेसले कामले लाव. वाचानं काम!”

आणि माझं ओळखपत्र तिने सरळ करून टाकलं. ती गेल्यावर मी ते परत उलटं केलं. पण दुपारपर्यंत काही अंक गेले.

२ फेब्रुवारी

एक जीपवाला माझ्या मनातून जात नाही. तळोद्याची जीप चालवतो. अंक निघाला की पाच प्रती घेतो. एक माणूस पाच प्रती कशाला वाचेल? घेताना पेपराकडे बघतही नाही, माझ्याकडे बघतो. आज विचारलं, “नाना, खोकला बरा आहे का?” मला नाना म्हणतात, मला खोकला आहे, हे मी त्याला कधी सांगितलं? मग म्हणे एक कानटोपी गिऱ्हाईक जीपमध्ये विसरून गेलं, ठेवा तुम्हाला. नवीन होती. डोक्याला बरोबर बसली. म्हणूनच जास्त काळजी वाटली.

ताईला सांगितलं, हा माणूस कुणाच्या तरी वतीने पाळत ठेवतो. ताईने खाली बघून कागद आवरले. म्हणाली, “भजी बांधायला नेत असेल नाना.” भज्यांना तो कागद पुरणार नाही. तिने मनावर घेतलेलं दिसत नाही.

१६ फेब्रुवारी

पेपरात माझं लिखाण छापून आलं. नाव घालू नका म्हणून हात जोडले होते. ‘जिनिंगमधला एक मुकादम’ एवढंच आहे. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात कापसाच्या गंजीला आग लागली, तेव्हा मंगलाने लग्नातली साडी टाक्यात बुडवून त्या आगीवर टाकली, ती हकिकत. कोळसा झाली साडी. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

छापलेलं चार वेळा वाचलं. माझंच आहे, पण दुसऱ्या कुणाचं वाटतं. त्या माणसाकडे घर आहे.

२ मार्च

हेमाचा फोन. दर रविवारी येतो. मी निवाऱ्याबाहेर निंबाखाली जाऊन बोलतो, म्हणजे मागे लोकांचा गलका ऐकू जात नाही.

आज म्हणाली, “नाना, आईने लग्नातली साडी आगीवर टाकली होती ना? तुम्ही रागावला नाहीत?” मी म्हणालो नाही. फोन ठेवल्यावर विचार करतो आहे, हे मी तिला कधी सांगितलं? सांगितलं असेल. डोकं चालेनासं झालं आहे. आता आणखी काय काय सांगून बसलो असेन कोण जाणे.

मग म्हणाली, “गेल्या आखाजीला तुम्ही म्हणालात, धीरजकडे घराचं काम चाललंय. यंदा मुराळी पाठवाल ना?”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. माहेराहून मुराळी न्यायला जातो तेव्हाच निघतात, बिनबोलावता नाही. शेजारच्या साऱ्या बाया दोन दिवस पिशव्या भरतात आणि जिला मुराळी येत नाही ती दारात उभी राहून बघते. हेमा गेल्या वर्षी बघत राहिली असेल. हे मला वर्षभर सुचलं नव्हतं.

“पाठवतो,” मी म्हणालो. तोंडातून गेलं.

निवाऱ्यात पुरुषांच्या दालनात पाहुणी येऊ शकत नाही. येऊ शकली तरी तिला काय दाखवू? खाटा?

९ मार्च

खोली शोधतो आहे. भाड्याचं जमेल, पेपर आता बरा जातो आणि ताईने बँकेत खातंही उघडून दिलं. पण खोली मिळत नाही. एकाने विचारलं, कुटुंब? नाही म्हटलं. मुलगा? नाही म्हटलं. मग आधीचा पत्ता? निवाऱ्याचा सांगितला. “फोन करतो,” म्हणाला. नंबर घेतला नाही.

दुसऱ्याने सरळ सांगितलं, “एकटा म्हातारा नको.”

१४ मार्च

होळी. निवारा अर्धा रिकामा. रेवजी डोंगरात गेला आहे. तो धडगावकडचा पावरा आदिवासी, हमाली करताना पाय मोडला, आता स्टेशनवर पेपर विकतो. जाताना त्याने विचारलं, नाना, येता का माझ्याबरोबर? त्याचंही तिकडे घर उरलेलं नाही, तरी होळीला जातो. मी म्हणालो, कुणाकडे उतरशील? तो म्हणाला, होळीकडे.

ते मला कळलं नाही. मी कुणाच्या नावाने जाऊ?

१७ मार्च

स्टेशनपलीकडच्या गल्लीत शोभाबाई नावाची विधवा राहते. माझ्याकडून पेपर घेते. घरामागे एक खोली आहे, पत्र्याची, पण भिंती पक्क्या. वेगळं दार. दारासमोर घागर ठेवता येईल एवढी जागा. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. मंगलाच्या नावाची माझ्याकडून राहून गेली आहे. निवाऱ्यात कुठे भरणार?

शोभाबाई बरं बोलली. चहा दिला. मग म्हणाली, “राग येऊ देऊ नका नाना, पन तुमले काही व्हयनं ते लेवाले कोन येई?”

मला कळलं नाही. तिने उकलून सांगितलं. आधीचा भाडेकरू असाच एकटा होता. खोलीतच गेला. तिला दोन दिवसांनी कळलं. पोलीस, पंचनामा, न्यायला कुणी नाही. ती बोलताना पदराने हात पुसत होती, हात कोरडे होते तरी. “मी बी एकलीच शे,” म्हणाली. “मन्हाघाई पुन्हा नही व्हवाव ते. तुमना रगतना कोनी मानूस ली या. तो सांगी दी, मी येसू म्हनीसन. मंग खोली तुमनी.”

म्हणजे मेल्यावर न्यायला कोण येईल ते जिवंतपणी आणून दाखवायचं.

तिचं चुकत नाही. पण धीरजला आणलं तर त्याला कळेल मी हेमाकडे नाही. हेमाला आणलं तर तिला कळेल मी धीरजकडे नाही. आणि खोली नसेल तर हेमाला बोलावू कुठे?

२४ मार्च

गावी गेलो. ओळखपत्र खिशात. वाटेत पाठ केलं होतं: धीरज, एक काम आहे, शोभाबाई म्हणून एक आहेत.

धीरजची बायको दारातच भेटली. “नाना! हेमाताईकडे बरं आहे ना? रोड झालात.” पाय धुवायला पाणी दिलं. धीरज शेतातून आला. केळी तोडणीला आली आहे. जेवायला बसवलं. मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, “तुमचा पलंग माळ्यावर ठेवलाय नाना. कधीही या, खाली काढायला वेळ लागत नाही.”

पलंग माळ्यावर चढवला. म्हणजे सोय करून टाकली.

त्याची बायको म्हणाली, “हे दर सणाला म्हणतात, नानांना आणायला जाऊ. मी म्हणते, ताईला वाईट वाटेल, तिच्याकडून ओढून आणलं असं.”

मी म्हणालो, हेमा काही कमी पडू देत नाही. जेवलो आणि दुपारच्या बसने परतलो. काम सांगितलंच नाही. त्यांनी केळीची फणी बांधून दिली, ‘ताईच्या मुलांना’ म्हणून. ती निवाऱ्यात वाटली. मी एकही केळं खाल्लं नाही.

३० मार्च

गुढीपाडवा. हेमाचा फोन घेतला नाही. पहिल्यांदाच.

२ एप्रिल

भिकुबाईने माझ्याकडून काढून घेतलंच. तीन दिवस मी अंक घेऊन बाहेर पडलो नाही, म्हणून ती पुरुषांच्या दालनाच्या दारात येऊन बसली. रखवालदार हटकत होता, ती हटेना. शेवटी मीच बाहेर गेलो आणि शोभाबाईची अट सांगितली.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “इतलंच?”

“हे इतकंच आहे का, भिकुबाई?”

“मरानं ते बठ्ठासले शे. लेवाले यानं ते काय अवघड शे?”

मरायचं तर सगळ्यांनाच आहे, म्हणे. तिला अट नीट समजली नाही असं वाटतं.

६ एप्रिल

आज जे घडलं ते चांगलं की लाजिरवाणं ते ठरवता येत नाही.

भिकुबाई, रेवजी आणि कामिनीताई मला घेऊन शोभाबाईकडे गेले. वाटेत बस स्थानकाचा चहावालाही आला, टपरीवर बायकोला बसवून. मी म्हणत होतो, एवढी माणसं नकोत, ती घाबरेल. कुणी ऐकलं नाही.

शोभाबाईने सगळ्यांकडे पाहिलं. “ह्या कोन?”

“नानाना मानसे,” भिकुबाई म्हणाली. “तू इचारं ना, लेवाले कोन येई? मी येसू.”

रेवजी म्हणाला, “मी पण.”

चहावाला म्हणाला, माझी हातगाडी आहे, वेळ पडली तर. ताईने त्याच्याकडे डोळे वटारले.

शोभाबाई अडखळली. “तसं नही माय. पन रगतना कोनी...”

“रगत काय करस?” भिकुबाई म्हणाली. “खांदा लागस. आमना चार शेतस, मोजी ले.”

“रेवजीचा पाय अधू आहे,” मी म्हणालो. मला राहवलं नाही.

“मंग तू धीरे धीरे मर,” भिकुबाई म्हणाली, “त्याना पाय बरा व्हई तवलोंग.”

शोभाबाई हसली. पदर तोंडाला लावून हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बाजूला बसवून माझ्या मयताचा बेत चालला होता. मला एकदा वाटलं सांगावं, मी इथेच आहे.

ताईने निवाऱ्याच्या कागदावर सगळ्यांची नावं आणि फोन लिहून दिले. शोभाबाईने कागद न वाचताच देवाच्या फळीवर ठेवला. म्हणाली, “मन्ही एक अट शे. सकायले नाना दार उघडीसन माले हाक देतीन. हाक नही उनी ते मी ठोकसू.” मग थांबून भिकुबाईला म्हणाली, “आनि माले काही व्हयनं ते?”

“आम्ही बठ्ठा आठेच शेतस ना,” भिकुबाई म्हणाली.

खोली मिळाली.

११ एप्रिल

काल खोलीत आलो. निवाऱ्यातून एक खाट दिली, चहावाल्याने जुना स्टोव्ह. कुलूप मी घेतलं. दोनदा लावून पाहिलं, लागतं.

इतके दिवस खोली नव्हती म्हणून घोर होता. आता खोलीचा घोर आहे. पत्रा तापतो. स्टोव्ह भडकला तर? सकाळी हाक द्यायला विसरलो आणि तिने दार तोडलं तर? आज उजाडायच्या आतच हाक दिली. शोभाबाई आतून म्हणाली, “नाना, इतल्या लवकर जित्ता ऱ्हावानी गरज नही.”

२१ एप्रिल

मुराळी कोण जाणार? भावाने जायचं असतं. दरवर्षी धीरज जायचा. त्याला सांगितलं तर तो विचारेल, तुम्ही तर हेमाकडेच आहात ना, मग तिला नंदुरबारला का आणायचं? मी स्वतः जाऊ शकत नाही. बापाने मुराळी म्हणून जाणं बरं दिसत नाही, आणि तिच्या दारात उभा राहिलो की सगळं सांगून बसेन.

परवा रेवजी म्हणाला, मी जातो. मला वाटलं थट्टा करतो. त्याने खरंच सदरा धुवून वाळत घातला.

भिकुबाईने ते ऐकलं आणि टाळी वाजवली. “पाटलानी पोरले लेवाले पावरा मुराळी! देखाले मी बी जाऊ का?”

हेमाच्या सासरी काय म्हणतील? जावई हेमकांत बोलायचा नाही, पण गल्ली? दोन दिवस विचार केला. दुसरं कुणी नाही. रेवजीला पत्ता दिला आणि चार वेळा म्हणवून घेतला.

२९ एप्रिल

रेवजी सकाळी गेला. मी विकायला गेलो नाही. खोली झाडली. पुन्हा झाडली. हेमा विचारेल: ही खोली कधीची? धीरजकडून का निघालात? उत्तरं तयार केली. धीरजच्या मुलांच्या परीक्षा होत्या. नंदुरबारला दवाखाना जवळ पडतो. पेपर विकतो ते वेळ जावा म्हणून. सगळी खरी वाटतात, एकेक धरलं तर. सगळी एकत्र सांगितली की खोटी वाटतात.

दुपारनंतर दोघं आले. हेमाने पाया पडून आत पाहिलं. खाट, स्टोव्ह, खुंटीवरचं माझं ओळखपत्र. ते काढून ठेवायचं राहिलं होतं, आणि सुलटं होतं. तिने पिशवी खाटेवर ठेवली. शोभाबाईने तिला बोलावून नेलं, तिच्या अंगणातल्या झाडाला आखाजीचा झोका बांधला आहे.

रेवजीला बाहेर नेऊन विचारलं, काय झालं, काय म्हणाली?

तो म्हणाला, पाच पेपर नेतो तोच जीपवाला भेटला. भाडं घेतलं नाही, घरासमोर सोडलं. हेमाताई दारातच उभी होती, पिशवी भरून.

“तू कोण ते विचारलं का?”

“नाही. म्हणाली, रेवजीभाऊ ना? आत या, जेवा.”

“तुझं नाव तिला कसं ठाऊक?”

रेवजीने माझ्याकडे पाहिलं आणि तो हसला. मग म्हणाला, मागे त्याचा फोटो पेपरात आला होता, तोच पाहिला असेल. म्हणजे अंक तळोद्यापर्यंत पोचतो. हे कामिनीताईला सांगायला हवं.

३० एप्रिल, आखाजी

सकाळी घागर भरली. हेमाने दारासमोर जागा सारवून दिली, घागरीवर आंबा ठेवला. मंगलाचं नाव घेतलं. पुढचं तिने म्हटलं.

शोभाबाईकडून पुरणपोळ्या आल्या. भिकुबाई आणि रेवजी जेवायला आले. भिकुबाईने हेमाला विचारलं, “तुन्हा बाप घर बी इतलाच घाबरे का?” हेमा म्हणाली, “यापेक्षा जास्त.” दोघी हसल्या. मला त्यांचं फार जुळलेलं दिसलं, कालच भेटलेल्या असून.

सगळे गेल्यावर हेमा खाली फरशीवरच आडवी झाली. खाट घे म्हटलं, नको म्हणाली. पदर तोंडावर घेतला आणि लागली झोप. तिच्या सासरी दुकान आहे, दुपारी गल्ल्यावर तीच बसते. तिला दुपारी झोपलेलं मी तिच्या लग्नाआधीच पाहिलं होतं. पत्रा तापला होता, मी दार उघडं ठेवून उंबऱ्यावर बसलो आणि पेपराने तिला वारा घालत राहिलो. कुल्फीवाला घंटी वाजवत गल्लीत शिरला, त्याला हातानेच परत फिरवलं.

बसल्या बसल्या मनात ठरलं. तयार केलेली उत्तरं देणार नाही. ती उठली की जे आहे ते सांगायचं. स्टेशन, निवारा, दोन्हीकडचं खोटं. तिने रागवायचं तर रागवावं. ती माझ्या घरात आहे, तिला कुठे उठून जायचं नाही आणि मलाही नाही.

उन्हं कलली तेव्हा ती जागी झाली. केस सावरत भिंतीला टेकून बसली. मी म्हणालो, “हेमा, मी धीरजकडे नव्हतो. गेलं दीड वर्ष मी...”

“नाना,” ती म्हणाली, “चहा टाका ना.”

सासरी ती सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांचा चहा करते. इथे ती उठली नाही. भिंतीला टेकूनच बसली आणि पाय लांब केले.

मी स्टोव्ह पेटवला. साखर जास्त पडली. तिने तो प्यायला आणि कप पुढे करून आणखी मागितला.